पगार नाशिकमध्ये गुणला, खर्च म्युनिकमध्ये

म्युनिकहून एका वाचक भगिनीने लिहिलेले पत्र थोडक्यात असे : “लग्नानंतर बँकेतील नोकरी सोडून मी नाशिकहून येथे आले. यजमान अभियंता आहेत. पगार त्यांच्या खात्यात जमा होतो, माझ्याकडे त्यांचे कार्ड असते. दुकानात गेले की प्रत्येक किंमत रुपयांत करायला मी शंभराने गुणते आणि वस्तू परत ठेवते. कोथिंबीरसुद्धा घेववत नाही. ओळखीच्या बायकांबरोबर बाहेर गेले तेव्हा भूक नाही असे सांगून फक्त पाणी मागवले, तर त्याचेही साडेतीन युरो द्यावे लागले. यजमान चिडतात, ‘किती दिवस हा हिशेब करणार?’ सासूबाई फोनवर त्यांच्या पगाराचे रुपये करून सांगतात आणि नाशिकच्या फ्लॅटचे कर्ज आता लवकर फिटेल असे म्हणतात. मी कंजूष झाले आहे का?”

नाही, तुम्ही कंजूष झालेल्या नाहीत. बँकेत काम केलेल्या माणसाला आकडा दिसला की तो ताडून पाहावासा वाटणारच. मात्र तुमच्या घरात एकच हिशेब दोन ठिकाणी अर्धा-अर्धा मांडला जात आहे. पगाराला शंभराने गुणण्याचे काम नाशिकमध्ये होते आणि खर्चाला गुणण्याचे काम म्युनिकमध्ये. त्यामुळे सासूबाईंना तुम्ही दोघे गडगंज दिसता, तुम्हाला स्वतः उधळ्या वाटता, आणि यांतले एकही चित्र खरे नाही.

रुपयांतली किंमत आणखी एका कारणाने फसवते. जर्मनीत माणसाचे श्रम महाग आहेत आणि त्या मानाने किराणा स्वस्त आहे. 2026 पासून तेथे किमान वेतनच तासाला 13.90 युरो झाले आहे. त्यामुळे केस कापणे, नळ दुरुस्त करून घेणे किंवा हॉटेलात बसून खाणे, अशा जिथे जिथे कोणाचा तरी हात लागतो तिथे बिल फुगते, आणि आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांमधले दूध, लोणी, बटाटे मात्र तिथल्या पगाराच्या मानाने हलके पडतात. नाशिकमध्ये याच्या उलट, पोळ्या करणाऱ्या मावशी आणि इस्त्रीवाला सहज परवडतात. तेव्हा नाशिकची राहणी जशीच्या तशी उचलून म्युनिकला नेली तर ती महाग पडणारच. कोथिंबिरीचेही तसेच आहे : सुपरमार्केटमधली प्लास्टिकच्या वेष्टनातली चिमूटभर कोथिंबीर खुशाल तिथेच राहू द्या आणि जवळच्या तुर्की दुकानात जा, जुडी मोठी मिळेल आणि मसूर, छोलेही तिथेच मिळतील.

पण खरे सांगायचे तर कोथिंबिरीवर वाचवलेल्या पैशाने तुमच्या महिन्यात काहीच बदलत नाही, कारण म्युनिक हे जर्मनीतले सर्वांत महाग भाड्यांचे शहर आहे आणि नव्याने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा दर तिथे महिन्याला चौरस मीटरमागे 20 युरोंच्या पुढे गेलेला आहे. हा दर ‘काल्टमीटे’चा, म्हणजे नुसत्या जागेचा, त्यावर पाणी, कचरा, बहुधा घर तापवण्याचा खर्चही धरून ‘वार्ममीटे’ होते, विजेचे बिल सहसा वेगळे येते, आणि रेडिओ-दूरदर्शनची दरमहा 18.36 युरो वर्गणी घरात टीव्ही नसला तरी भरावीच लागते. शिवाय वर्षाअखेरीनंतर घरमालक या जोडखर्चांचा प्रत्यक्ष हिशेब पाठवतो आणि वापर जास्त झाला असेल तर फरक वसूल करतो. पहिल्या हिवाळ्यानंतर अनेक भारतीय कुटुंबांना हा कागद पाहून घाम फुटतो. तेवढ्यासाठी दरमहा थोडी रक्कम आतापासूनच बाजूला टाका. घर बदलण्याचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा की अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. आणि पुष्कळ घरांत ओटा, शेगडी, कपाटे काहीच नसते, हे पाहणीच्या वेळीच विचारून घ्यावे.

आता दोघांनी बसून एक कागद करावा. पगारातून कर आणि विमे कापून हाती येणारी रक्कम वर लिहा; त्यातून भाडे, प्रवास, किराणा वजा करा. हे सगळे युरोतच राहू द्या. शंभराने गुणण्याची जागा या कागदावर एकच आहे, नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता, कारण ते पैसे खरोखरच रुपये होणार आहेत. उरलेल्या रकमेतून दोघांच्याही नावावर समान हातखर्च टाका आणि त्याचा जाब एकमेकांना विचारू नका. तुमच्या यजमानांची चीड मला समजते, पण ज्याच्या हाती फक्त दुसऱ्याच्या खात्याचे कार्ड आहे त्या माणसाला हिशेब सोडून दे असे सांगणे सोपे आहे. दोघांच्या नावे खाते उघडणे हे त्याहून उपयोगाचे. सासूबाईंना हा कागद त्यांच्या मुलानेच समजावून सांगावा. तुम्ही सांगितलेत तर ती तक्रार ठरेल.

बायकांबरोबर जाणे मात्र थांबवू नका. म्युनिकच्या नळाचे पाणी आल्प्सच्या पायथ्याकडून, मुख्यतः मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येते आणि निर्धास्त पिण्याजोगे असते, पण हॉटेलात पाणी मागितले की ते बहुधा बाटलीतलेच येते. त्यापेक्षा उन्हाळ्यात बिअर गार्डन सुचवा. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये पेय तिथले घेऊन खाणे घरून आणण्याची रीत आहे. पेय म्हणून सफरचंदाचा रस आणि सोडा चालतो, आणि तुमच्या दशम्या-चटणीचा डबा तिथे कोणालाही खटकणार नाही. पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयांचे कायमस्वरूपी दालनही सगळ्यांनी मिळून पाहता येईल.

नोकरीविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, तरीही त्यावर बोलतो. तुमच्या निवास परवान्यावर नोकरीची मुभा असल्याची नोंद पाहून घ्या, पदवीची मान्यता ‘अनाबिन’ या सरकारी माहितीसाठ्यात तपासा आणि फोल्क्सहोखशूले या प्रौढ शिक्षण केंद्रात जर्मन भाषेचा वर्ग सुरू करा. त्याची फी हा खर्च समजू नका. सुरुवातीला ‘मिनीजॉब’, म्हणजे ठरावीक मर्यादेतल्या कमाईची छोटी नोकरी, मिळाली तर 2026 मध्ये महिन्याला 603 युरोंपर्यंतच्या कमाईवर, यजमानांचा आरोग्यविमा सरकारी पद्धतीचा असेल तर, तुमचा विमा त्यांच्याबरोबरच चालू राहतो. त्यापुढची नोकरी लागेल तेव्हा यजमान तिसऱ्या आणि तुम्ही पाचव्या करवर्गात आहात का, हे आधी विचारा; पगारातून दरमहा किती कर कापायचा ते या वर्गावर ठरते. पाचव्या वर्गातला पगार हाती इतका कापून येतो की आपल्या कामाला किंमतच नाही असे वाटू लागते. वर्षाचा एकूण कर दोघांच्या मिळकतीवर एकत्रच ठरतो, फक्त दरमहाची कापणी तुमच्या माथी पडते. दोघांची कापणी सारख्याच पद्धतीने व्हावी म्हणून दोघांनी चौथा वर्ग घेण्याचा अर्ज फिनान्सआम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, करता येतो. पहिल्या पगाराआधीच तो करा.