आरोग्यशिक्षिका होण्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे?

प्रश्न : मी जीवशास्त्राची पदवीधर असून शाळेत आरोग्यशिक्षिका म्हणून काम करू इच्छिते. त्यासाठी परिचारिकेचे शिक्षण घ्यावे की अध्यापनाचे?

उत्तर : आपण अध्यापनाचे शिक्षण घ्यावे. परिचारिकेकडे आजारी किंवा जखमी मूल येते, तर आरोग्यशिक्षिकेसमोर बहुतांशी निरोगी मुलांचा भरलेला वर्ग असतो. जीवशास्त्राचा उपयोग होईलच. मात्र निकोटिनचा मेंदूवरील परिणाम समजावणे वेगळे आणि मित्राने पुढे केलेली सिगारेट मैत्री न तोडता कशी नाकारावी, हे शिकवणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात निर्णयक्षमता, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, ताणाचे नियोजन अशी दहा जीवनकौशल्ये मांडली, ती याच दुसऱ्या कामासाठी. ती व्याख्यानाने येत नाहीत. गटचर्चा आणि भूमिकानाट्य घेण्याचा सराव आधी शिक्षकालाच करावा लागतो.

नव्या शिक्षकांना भीती दाखवण्याचा मोह हमखास होतो. काळवंडलेल्या फुफ्फुसाचे चित्र पाहून वर्ग स्तब्ध होतो आणि पाठ साधल्यासारखा वाटतो. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांनंतरचा आजार खरा वाटत नाही, धावताना लागणारी धाप मात्र लगेच पटते.

पोषण, पौगंडावस्था, संसर्गजन्य आजार, व्यसने आणि मानसिक आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात असतातच. प्रथमोपचार मात्र पुस्तकावर सोडू नयेत. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. तो अंदाज पुतळ्यावर सराव केल्याशिवाय येत नाही आणि सराव सुटल्यास काही महिन्यांतच हे कौशल्य मंदावते.

सर्वांत अवघड भाग आपल्या भूमिकेची मर्यादा ओळखण्याचा. आपण निदान करावयाचे नाही. एखादे मूल ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारून बोलू लागले, तर तसे वचन देऊ नये. अत्याचाराची बाब असल्यास ती जबाबदार व्यक्तींपर्यंत न्यावीच लागते, हे त्याला सौम्यपणे, पण आधीच सांगावे. याचा सराव करून घेणारी संस्था मिळाल्यास तिला प्राधान्य द्यावे. प्रवेशापूर्वी तेथील प्रत्यक्ष वर्गातील सराव किती आठवड्यांचा आहे आणि त्या पदवीवर शिक्षक म्हणून नियुक्ती मिळू शकते का, हे लेखी विचारून घ्यावे.