वडील ५८ वर्षांचे, दोन महिन्यांपासून शौचातून रक्त जातं. मूळव्याध असूनही कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं) करावी का? (नागपूर)

हो, करून घ्या. या वयात दोन महिने रक्त जात असेल तर नुसतं मलम लावत थांबू नका. मी इथेच एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. मूळव्याध आणि आतड्याचा कॅन्सर एकाच माणसात असू शकतात, त्यामुळे मूळव्याध दिसली म्हणून शोध संपत नाही. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) सर्जरी ओपीडीत दाखवलं तरी चालेल. डॉक्टर आधी गुदद्वारात बोट घालून तपासतात. बाबांना लाजेपायी ते टाळू देऊ नका, खालची गाठ तिथेच हाताला लागते. हिमोग्लोबिनही बघा. पुरुषात हिमोग्लोबिन किंवा लोह कमी निघालं तर आतून हळूहळू रक्त जात असल्याची ती खूण असू शकते. कोलोनोस्कोपीत छोटा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) सापडला तर बहुतेकदा लगेच काढतात, संशयित भागाचा तुकडा बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला जातो. कॅन्सर निघालाच तर सीटी स्कॅन, गुदाशयात असेल तर एमआरआयही. मग टप्प्यानुसार शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन. लवकर सापडलेला बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. मात्र असं रक्त बहुतेकांना कॅन्सरमुळे जात नाही, हे बाबांना आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.