‘मनातले मांडे’ : मांडा म्हणजे नेमके काय?

‘मनातले मांडे खाणे’ या वाक्प्रचारातील मांडे म्हणजे काय, त्यांचा ‘मांडणे’ या क्रियापदाशी काही संबंध आहे का, आणि ‘त्याने मनात मांडे रचले’ असे लिहिलेले चालेल का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. मनात मांडलेले बेत म्हणजे मांडे, असा आपला आजवरचा समज असल्याचेही त्यांनी कळवले आहे. हा समज बराच पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मांडा हा खाण्याचा पदार्थ आहे. गव्हाच्या सपिटाची, लाटण्यापेक्षा हातावर पसरून पातळ केलेली आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेली मोठी पोळी म्हणजे मांडा. शब्द पुल्लिंगी आहे. एक मांडा, अनेक मांडे. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडे, मांडे आजही होतात, आणि त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. जिथे पदार्थ ताटात येत नाही आणि वाक्प्रचार तेवढा कानावर पडतो, तिथे ‘मांडे’ हे ‘मांडणे’चेच एखादे रूप असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाक्प्रचारातले क्रियापद नीट पाहिले तर तो संशय फिटतो. मांडे मनातले असले तरी ते खाल्ले जातात. बेत आखतात, रचतात, मांडतात. बेत खात कोणी नाही.

‘मांडा’ हा संस्कृत ‘मंडक’ या पदार्थवाचक शब्दापासून आला आहे. अखेरचा क गळून त्या जागी आकार येणे आणि आधीचा स्वर दीर्घ होणे ही मराठीची नेहमीची चाल आहे. कंटकाचा काटा झाला तो असाच. ज्याच्यावर मांडा भाजायचा त्या खापराचेही तेच. सर्पाचा साप आणि कर्पूराचा कापूर होतो, तसे ‘खर्पर’चे ‘खापर’ झाले. (ज्याच्या माथी आपण दोषाचे खापर फोडतो, तो शब्दही हाच.) ‘मांडणे’ हे क्रियापद सजवणे या अर्थाच्या ‘मंडन’शी निगडित आहे. दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा झाला असला, तरी मराठीत त्यांचे व्यवहार वेगळे आहेत, आणि एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादण्याचे कारण नाही.

पदार्थ किती जुना आहे याचा पुरावाही चांगला आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. त्याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे आणि तिथे मंडक येतात. गहू धुऊन, उन्हात वाळवून, दळून, चाळून घेण्यापासून ते तापलेल्या खर्परावर भाजण्यापर्यंतची कृती त्यात आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीची ही कृती खानदेशातल्या एखाद्या आजींना वाचून दाखवली, तर त्यांना त्यात अनोळखी असे फारसे काही वाटणार नाही.

त्यानंतरची साक्ष संतकथेची आहे. मुक्ताबाईंना मांडे करायचे होते, परंतु ज्ञानेश्वरादी भावंडांचा दुस्वास करणाऱ्या विसोबांच्या धाकाने आळंदीच्या कुंभारांनी त्यांना खापर दिले नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी (१२७५–१२९६) योगबळाने आपली पाठ तापवली, मुक्ताबाईंनी त्या पाठीवर मांडे भाजले आणि ते पाहून विसोबांचा अहंकार गळाला, अशी ही सर्वपरिचित कथा आहे. चमत्काराबद्दल ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. शब्दाच्या दृष्टीने माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. कथेत अडले ते पिठावाचून किंवा तुपावाचून नव्हे, खापरावाचून. खापर मिळू दिले नाही की मांडा होऊ शकत नाही, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला इतके पक्के ठाऊक होते की त्याच एका गोष्टीवर सगळी कथा उभी राहिली.

खापरासाठी हा एवढा आग्रह का, ते मांडे होताना पाहिले म्हणजे कळते. गहू ओलवून, दळून, पीठ तलम फडक्यातून गाळून घेतात. ते सपीट सैल भिजवून, पाण्याचा हात लावत इतके तिंबतात की गोळा उचलला तर कणकेला तार सुटते. पुरण पाट्यावर अगदी मऊ वाटलेले असावे लागते, कारण डाळीची एक कणी राहिली तरी मांडा तिथे फाटतो. पुरण भरलेला उंडा आधी थोडा थापून किंवा लाटून घेतात, आणि मग खरे कसब सुरू होते. बाई तो दोन्ही हातांवर घेते आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत फिरवत राहते. स्वतःच्याच वजनाने तो पसरत जातो आणि मनगटांवरून कोपरांकडे ओघळू लागतो. हात-दीड हात रुंद झाला, आरपार दिसू लागला, की एका झेपेत तो खापरावर टाकायचा. तो टाकताना सुरकुती पडली तर नंतर काढता येत नाही. तव्यावर एवढा मांडा मावत नाही. पालथ्या खापराचा घुमट त्याला सगळीकडून सारखी आच देतो. काही क्षणांत तो भाजला जातो आणि घडी घालून उतरवला जातो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि जेवणात आमरसाबरोबर मांडे असतात. घरोघरी सगळ्यांनाच ते जमत नाहीत. ज्या बाईचा हात बसलेला असतो तिला आवर्जून बोलावणे जाते.

पुरण हे मात्र मांड्याचे लक्षण नव्हे. बेळगावच्या मांड्यात पिठीसाखर, तूप आणि खसखस असते. तो गरम असतानाच चौकोनी घडी घालतात, आणि गार झाल्यावर तो कुरकुरीत होतो. कन्नडमध्ये त्यालाच मंडिगे म्हणतात. नागपूरकडे पालथ्या मडक्यावर जी लांब रोटी करतात, तीत सारण काहीच नसते आणि ती झणझणीत रश्श्याबरोबर खातात, तरी तिला मांडा रोटी असेही म्हणतात. गोड, कुरकुरीत आणि बिनगोड अशा तिन्ही पदार्थांना हे एकच नाव आहे, ते हातावर पसरण्याच्या आणि घुमटाकार भांड्यावर भाजण्याच्या रीतीमुळे. म्हणून ‘मांडा म्हणजे मोठी पुरणपोळी’ अशी व्याख्या मला अपुरी वाटते.

स्वप्नरंजनासाठी भाषेने लाडू किंवा शिरा न निवडता मांडेच का निवडले, याचे उत्तरही मला या कष्टांतच दिसते. महाराष्ट्रात बहुतेक घरांचे रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी हेच होते, गहू सणासुदीचा. त्यात सपीट काढण्याचा खटाटोप, पुरणाचा खर्च, वेगळे खापर आणि कसबी हात यांतले सगळे एका वेळी जुळून येणे गरिबाच्या घरी क्वचितच घडत असणार. मनात मात्र यांतले काहीच लागत नाही. तिथे मांडे हवे तेवढे आणि हवे तेव्हा. ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ या म्हणीत ही दोन टोके शेजारी ठेवली आहेत.

आता ‘मांडे रचले’ या वाक्यरचनेविषयी. ‘मनोरे रचणे’ आणि ‘इमले बांधणे’ हे वाक्प्रचार अर्थाने जवळचे असल्यामुळे त्यांची क्रियापदे मांड्यांना येऊन चिकटली आहेत. अर्थ कळतो, परंतु प्रयोग चुकीचा आहे, आणि छापील मजकुरात तो दुरुस्त करावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘त्याने मनात मांडे खाल्ले’ किंवा ‘तो मनातले मांडे खात बसला’ असे लिहावे. वाक्प्रचारात अनेकवचनच रूढ आहे, ‘मनातला मांडा’ असे कोणी म्हणत नाही. पदार्थाविषयी लिहिताना मात्र एकवचन निःशंकपणे वापरावे, आणि विभक्तीचा प्रत्यय लावताना ‘मांड्याला’, ‘मांड्यांबरोबर’ अशी रूपे करावीत. ‘मांडेला’ किंवा ‘मांडेबरोबर’ ही अलीकडे पाककृतींत दिसणारी रूपे शब्दाचे मूळ एकवचन विसरल्यामुळे आली आहेत.