महापालिकेतलं ‘वर्गीकरण’ आणि आपलं वर्गीकरण

प्रश्न असा आहे: ‘पेपरात वाचलं की आमच्या भागातल्या नाल्याच्या भिंतीसाठी वर्गीकरणातून निधी उपलब्ध झाला. वर्गीकरण म्हणजे प्रकार पाडणं ना, मग त्यातून पैसे कसे निघतात? आणि बजेटला अंदाजपत्रक म्हणायचं की अर्थसंकल्प? सोसायटीच्या वतीने महापालिकेला अर्ज लिहायचाय म्हणून विचारतोय.’

मस्त प्रश्न आहे, आणि गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. शाळेत आपण प्राण्यांचं वर्गीकरण शिकलो, घरी ओल्या-सुक्या कचऱ्याचं करतो, आणि तोच शब्द महापालिकेच्या लेखा विभागात गेला की त्याचा अर्थ एकदम बदलतो. तिथे वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेली रक्कम उचलून दुसऱ्या कामाला लावणं, बास. त्यामुळे घनकचरा विभागाने ‘वर्गीकरणाचा प्रस्ताव’ आणला असं कुणी म्हणालं तर तो कचऱ्याबद्दल आहे की पैशांबद्दल ते फाइल उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कचरा वर्गीकरणाच्या जनजागृतीचे पैसे कमी पडले म्हणून वर्गीकरण, असंही होऊ शकतं, हसू नका.

आता हा अर्थ आला कुठून. माझ्या मते तो वर्गीकरण या संस्कृत शब्दातून सरळ आलेलाच नाही, तो ‘वर्ग करणे’ या आपल्या रोजच्या मराठी क्रियापदातून आलाय. बँकेत रक्कम खात्यावर वर्ग करतात, गुन्हा एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग होतो, तिथे कुणी प्रकार पाडत नसतं, नुसती जागा बदलते. एका वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात घातलं, असं काहीसं मूळ असणार, आणि पुढे त्यातला ‘काढून’ हाच भाग महत्त्वाचा झाला. मग या ‘वर्ग करणे’चं नाम करायची वेळ आली तेव्हा तयार शब्द समोर होताच, वर्गीकरण, तो उचलला. म्हणजे बघा, शब्दाचंच वर्गीकरण झालं, एका शीर्षातून (बजेटात खर्चाचे जे वेगवेगळे कप्पे असतात त्यातल्या एकातून) दुसऱ्या शीर्षात.

व्याकरणात शिरलो तर आणखी मजा आहे. संस्कृतात शुद्धीकरण, एकीकरण असे शब्द च्वि नावाच्या प्रत्ययाने होतात, अर्थ असा की जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. अशुद्ध होतं ते शुद्ध केलं, शुद्धीकरण. हा नियम कडक लावला तर डांबरीकरण म्हणजे जे डांबर नाही त्याला डांबर करणं, आणि काँक्रिटीकरण म्हणजे तर विचारूच नका (काही गल्ल्या बघून हा अर्थ बरोबर वाटतो ती गोष्ट वेगळी). रुंदीकरण, खोलीकरण यात तर रुंदी नि खोली हे शब्दच ईकारान्त, तिथे च्विचा काही संबंध नाही, नुसतं ‘करण’ चिकटवलं. पण महापालिकेला हे शेपूट भारी आवडतं आणि लोकांनाही ते समजतं, त्यामुळे मला त्यात काही चूक वाटत नाही. वर्गीकरण याच गर्दीत सामावून गेलं.

राज्य सरकारच्या कागदात याच गोष्टीला ‘पुनर्विनियोजन’ म्हणतात. अचूक आहे, पण एका दमात म्हणून दाखवा. माझे मामा एका नगरपालिकेत लेखा विभागात होते, ते दोन्ही शब्द वापरायचे नाहीत, ‘या हेडवरनं त्या हेडला टाकलं’ म्हणायचे. हेड म्हणजे लेखाशीर्ष.

वर्गीकरण मुळात का लागतं, हे कळायला बजेट कसं बनतं ते थोडं बघायला हवं, कारण उत्तर ‘अंदाजपत्रक’ या शब्दातच आहे. पथ, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, उद्यान, आरोग्य, सगळी खाती आपापल्या मागण्या लेखा विभागाकडे पाठवतात (खातं म्हणजे हिशोबाचंही आणि डिपार्टमेंटही, हा दुहेरी अर्थ मला फार आवडतो, ज्याचा वेगळा हिशोब ते खातं). प्रत्येकाला माहीत असतं की वर कात्री लागणार, म्हणून मागणी थोडी फुगवूनच जाते, आणि कात्री लावणाऱ्यालाही हे माहीत असतं. मग आयुक्त ते स्थायी समितीपुढे (पैशांचे निर्णय घेणारी निवडक नगरसेवकांची समिती) ठेवतात, समिती त्यात बदल करते आणि अध्यक्ष ते सगळ्या सभागृहापुढे मांडतात, पुण्यात त्याला मुख्य सभा म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी महासभा. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे मांडणाराही तोच नि मंजूर करणाराही तोच.

आणि हे सगळं १ एप्रिलच्या आधी, म्हणजे पैसे हातात यायच्या आधी. जमा बाजूला मिळकतकर किती वसूल होईल, बांधकाम परवानग्यांचं शुल्क किती येईल, जीएसटीचं अनुदान किती मिळेल (जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आता हे), सगळे आकडे पुढचे. म्हणून अंदाज. आता हा शब्द फारसी, अंदाख्तन म्हणजे फेकणे, त्यातला अंदाज. तिरंदाज म्हणजे तीर फेकणारा, गोलंदाज म्हणजे आधी तोफेचा गोळा फेकणारा आणि आता चेंडू टाकणारा, तोच हा अंदाज, नजर टाकून माप काढणं. त्याला आपण संस्कृत पत्रक जोडलं. गुजरातीतही बजेटला अंदाजपत्रच म्हणतात. आकडे हवेत फेकलेत असा टोमणा बजेटवर दरवर्षी कुणीतरी मारतंच, त्याला कदाचित ठाऊक नसेल की शब्दाच्या मुळातच फेकणं आहे.

अर्थसंकल्प याच्या बरोबर उलट स्वभावाचा. संकल्प म्हटलं की पूजेला बसलेला यजमान, हातावर पळीभर पाणी, अमुक करिष्ये म्हणून ते सोडायचं. त्यात अंदाज नाही, निश्चय आहे. संसदेत नि विधिमंडळात हाच शब्द रुळलाय. महापालिकांत मात्र गावोगाव वेगळं, पुण्यात अंदाजपत्रक जास्त ऐकू येतं, मुंबई महापालिका ‘अर्थसंकल्पीय अंदाज’ असं लिहून दोघांनाही खूश करते. मुंबईच्या त्या अर्थसंकल्पाचे भाग अ, ब, ई आणि ग असे आहेत, शिक्षणाचा ई, पाणी नि मलनिस्सारणाचा ग. इंग्रजी अक्षरं मराठीत आणताना क्रमाचं काय होईल याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. तर दोन्ही शब्द बरोबर, पण मला विचाराल तर महापालिकेला अंदाजपत्रकच शोभतं, जास्त प्रामाणिक आहे. एकच अडचण, एखाद्या कामाच्या एस्टिमेटलाही लोक अंदाजपत्रकच म्हणतात. त्याला कागदोपत्री पूर्वगणनपत्रक असा वेगळा शब्द आहे, पण तो बोलण्यात फारसा कुणी वापरत नाही.

पेशवाईच्या दफ्तरात बजेटला बेहेडा म्हणायचे. तो शब्द गेला, पण त्याच दफ्तरातले ताळेबंद आणि अजमास आपल्याकडे राहिले, अजमासे दोनशे माणसं येतील म्हणतो ना, तोच.

राहिली तरतूद, कारण वर्गीकरण होतं ते तरतुदीचं. मूळ अरबी तरद्दुद, म्हणजे येरझारा, धडपड, घोर. उर्दूत अजून काळजी याच अर्थाने वापरतात. मराठीत आधी कशासाठी तरी केलेली धावपळ, मग तयारी, आणि आता काढून ठेवलेली रक्कम. काढून ठेवलेली म्हणजे कागदावर हं. ‘पाच कोटींची तरतूद’ अशी बातमी आली की लोक समजतात पैसे आले, तसं नसतं, खर्च करायची परवानगी असते, पैसा जमेल तसा. एखादं नवीन शीर्ष नुसतं उघडून ठेवायला अगदी किरकोळ रक्कम टाकतात, तिला टोकन तरतूद म्हणतात, पुढे लागलं तर त्यात दुसरीकडून वर्गीकरणाने भर घालता येते. आता तुमच्या नाल्याचं कळलं असेल, कुठल्यातरी न झालेल्या कामाची तरतूद त्या भिंतीकडे वळवली, स्थायी समितीची मंजुरी घेऊन. ज्या कामाची गेली त्याची बातमी सहसा येत नाही.

तर अर्जात ‘अंदाजपत्रकात तरतूद नसल्यास वर्गीकरणाने उपलब्ध करून द्यावी’ असं बिनधास्त लिहा, तिथे सगळ्यांना कळतं. पुनर्विनियोजन लिहू नका, उगाच कुणीतरी शासनाकडे पाठवा म्हणेल. आणि पैसे कुठल्या शीर्षातून वळवता येतील तेही हुडकून लिहिलंत तर उत्तम, नाहीतर ‘तरतूद शिल्लक नाही’ असं एका ओळीचं उत्तर यायला वेळ लागत नाही.