मुलीला जपानकडून रग्बी खेळायचंय, पण पोट कशावर भरणार?

प्रश्न: आम्ही मूळचे पुण्याचे, सहा वर्षांपासून तोक्योत निशिकासाईला राहतो. मुलगी नऊ वर्षांची असताना इथे आली. आता पंधराची आहे, जपानी शाळेत शिकते, उंची १५८ सेंटिमीटर. तीन वर्षं रग्बी स्कूलला जाते. हायस्कूलसाठी तिला पश्चिम जपानातल्या शिमानेला वसतिगृहात राहायचंय आणि पुढे जपानच्या संघात खेळायचंय. तिचे बाबा म्हणतात, यात पोट भरत नाही. खेळायचंच तर भारताकडून खेळ. काय करावं?

उत्तर: ताई, पोटाचा मुद्दा बाबांचा बरोबर आहे. भारताचा मुद्दा मात्र घाईचा आहे, आणि त्या घाईत कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून आधी तेच बघू.

जागतिक रग्बीत देशाकडून खेळायला पासपोर्ट लागत नाही. त्या देशात जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तिथला जन्म, त्या देशाच्या संघटनेकडे सलग ६० महिने फक्त तिथलीच खेळाडू म्हणून नोंदणी, किंवा एकूण १० वर्षांचं वास्तव्य, यांतलं एक पुरे. तुमच्या लेकीची दहा वर्षं एकोणिसाव्या वर्षी भरतात. नोंदणीचा रस्ता त्याआधीही खुला होऊ शकतो, पण मध्ये एखादा हंगाम न्यूझीलंडच्या क्लबकडून नोंदणी करून खेळली, तर ६० महिने पुन्हा पहिल्यापासून. जपानच्या संघटनेकडची तिची पहिल्या वर्षापासूनची नोंद लेखी मागवून घ्या आणि जपून ठेवा.

आता भारताचं. ती एकदा भारताच्या सीनियर संघाकडून खेळली की भारताशी बांधली जाते. ३६ महिने थांबून देश बदलता येतो, पण नव्या देशात स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म असेल तरच. जपानशी तिचं तसं नातं नाही. उलट जपानकडून खेळून नंतर भारताकडे यायचं दार जन्मामुळे उघडं राहतं. म्हणजे आधी भारत हा पर्याय निवडला तर जपान संपलं. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांतल्या सेव्हन्ससाठी, म्हणजे सातजणींच्या रग्बीसाठी, मात्र जपानचं नागरिकत्वच लागतं आणि त्यासाठी भारताचं सोडावं लागतं. तो निर्णय पंधराव्या वर्षी घ्यायचा नाही.

पोटाचं काय? जपानच्या पुरुषांच्या लीग वन या स्पर्धेत पगारी व्यावसायिक खेळाडू असतात. महिलांकडे तशी लीग नाही. बहुतेकजणी कुठे तरी नोकरी करतात आणि क्लबकडून खेळतात. योकोहामा टीकेएमच्या खेळाडू क्लबशी जोडलेल्या रुग्णालयांत काम करतात आणि ड्यूटी संपवून सरावाला येतात. कुमागायाची अरुकास क्वीन, योक्काइचीची पर्ल्स, यामागुचीतल्या किनाऱ्यावरच्या नागातोची ब्लू एंजल्स, असे चांगले क्लब आहेत, पण खेळण्याइतकंच नोकरीचं गणितही तिथे जमावं लागतं. जपानी मुलगी सुपरमार्केटात किंवा कारखान्यात लागू शकते. तुमच्या लेकीला व्हिसा आडवा येऊ शकतो. इथलं हायस्कूल पूर्ण केलेल्यांना नोकरी मिळाल्यावर ठरावीक अटींवर व्हिसा बदलता येतो, त्याची चौकशी करून ठेवा. कुटुंबीयांच्या व्हिसावर परवानगी काढूनही आठवड्याला २८ तासच काम करता येतं, आणि पदवीवरच्या नोकरीच्या व्हिसावर काम अभ्यासाशी जुळावं लागतं. म्हणून माझा कल नर्सिंग किंवा फिजिओथेरपीकडे आहे. जपानची राष्ट्रीय परीक्षा पास झाली की त्या कामाचा स्वतंत्र व्हिसा मिळतो आणि खेळ थांबल्यावरही हाताला काम राहतं. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली पुण्याची वाहबिझ भरुचा फिजिओथेरपिस्टच आहे. शिवाय तुमची दहा वर्षं भरली की कायम वास्तव्याचा अर्ज सगळ्या घराचा एकत्र करा. तो मिळाला की नोकरीवरची ही बंधनं उरत नाहीत.

उंचीची काळजी सोडा. दीडशेच्या आसपास उंचीच्या स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू काढून इतरांना देणाऱ्या खेळाडू) जपानकडून खेळल्या आहेत. साकुरा फिफ्टीनचा, म्हणजे जपानच्या महिला संघाचा, खेळच चपळाईचा आणि खालून टॅकल करण्याचा, म्हणजे धावणारीला धरून खाली पाडण्याचा. २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला तिच्याच घरी १२-१० असं हरवलं, २०२५ च्या विश्वचषकात स्पेनला २९-२१. पुढचा विश्वचषक २०२९ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे.

काळजी करायचीच तर टॅकलच्या तंत्राची करा. बाजूने टॅकल करताना खेळाडूचं डोकं चेंडू घेऊन धावणारीच्या पाठीमागच्या बाजूला हवं. ते तिच्या पुढ्यात गेलं, तर धावणारीचा गुडघा किंवा कंबर थेट डोक्यावर आदळते. जपानी प्रशिक्षक याला ‘ग्याकु-हेड’ म्हणतात. मेंदूला मार बसण्याचं आणि मानेच्या दुखापतीचं ते मोठं कारण. मुलगी दमली की पाय हलत नाहीत आणि डोकं चुकीच्या बाजूला जातं, म्हणून सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत तिचा टॅकल कसा होतो ते बघा. दुसरा धोका गुडघ्याच्या लिगामेंटचा, तो मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. एका पायावर उडी मारून गुडघा आत न वळवता उतरायचा सराव आठवड्यातून दोनतीनदा व्हायला हवा.

घरी शाकाहार असेल तर वसतिगृहात अडचण येईल. तिथे सूपपासून भाजीपर्यंत दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. ५५ किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. तोफू, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), दूध आणि चालत असतील तर अंडी यांवर ती भागतात, पण स्वयंपाकघराशी आधी बोलून ठेवावं लागतं. रक्तातलं लोह वर्षातून एकदा तपासा.

शिमानेतली, गोत्सु शहरातली इवामी चिसुइकान ही मुलींच्या रग्बीतली नावाजलेली शाळा आहे. तुमच्या मनात तीच असो वा दुसरी, प्रवेशाआधी शाळा दाखवण्याच्या दिवशी दोघंही जा. संघात मुली किती, पंधराजणींचे सामने होतात की फक्त सेव्हन्सचे, डोक्याला मार लागला तर मैदानातून बाहेर काढायचं कोण ठरवतं, आणि गेल्या तीन वर्षांत शाळा पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुली कुठल्या विद्यापीठात, कुठल्या शाखेला गेल्या, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं नाही, तर दुसरी शाळा बघा.