देवाकडे परत वळायचंय, पण जपात मन लागत नाही. सुरुवात कशी करू?

लहानपणी आजीबरोबर देवळात जायचो, नोकरीत सगळं सुटलं, आता जपाला बसलं की ढोंग केल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. वारकऱ्यांची तुळशीची माळ गळ्यात घालू का, हेही विचारलंय. मी काही कीर्तनकार नाही, हरिपाठात मागच्या रांगेत टाळ धरणारा माणूस. तेवढ्याच अधिकाराने सांगतो.

मन लागायची वाट बघत बसू नका. तुकोबांचंच बघा. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. पुढे काय केलं ते त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. त्यात आधी येतं ते देऊळ. देहूचं पूर्वजांचं विठ्ठलमंदिर भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीचं कीर्तन, आणि तिथेच सरळ सांगून टाकलंय: 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. मग संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांचं ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरलं. हातपाय आणि तोंड आधी कामाला लागले, तेही दुसऱ्यांचे शब्द घेऊन. तुकोबांना ते चाललं, तर आपल्याला कसली लाज?

नुसता ताण कमी करायचा असेल तर प्राणायामही पुरतो. इथे हिशेब वेगळा आहे. ओढ आटली म्हणूनच देवाकडे जायचं; ती आधी कुठून तरी पैदा करून मग जायचं, असं नसतं.

म्हणून एकट्याने जप करण्यापेक्षा जवळ कुठे संध्याकाळी हरिपाठ होत असेल तिथे जा. पहिल्यांदा टाळ चुकतो, पावली, म्हणजे टाळाच्या तालावर टाकायची पावलं, तर हमखास उलटी पडते. शेजारचे एखादे आजोबा काही न बोलता कोपराने ढोसतात आणि डावा पाय पुढे टाकून दाखवतात. मन लाइटबिलावर, साहेबावर भटकून येतंच. पण ध्रुपद आलं की तोंड उघडावं लागतं, आणि तेवढ्यापुरतं मनही जागेवर येतं. ढोंग म्हणाल, तर ते लोकांना दाखवायला करतात. मागच्या रांगेत तुमच्याकडे बघतंय कोण?

माळ आत्ताच घालू नका. एकदा घातली की मांस-मच्छी, दारू बंद, एकादशी आली, वारी आली. घाईने घालून खुंटीला टांगलेल्या माळा मी पाहिल्यात. आधी काही महिने नुसते येत राहा, मग फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या एखाद्या परंपरेतल्या, जाणत्या महाराजांना विचारा.