लढा न्याय्य आहे, म्हणून सगळंच न्याय्य होतं का?

तुझा मेल वाचला. डिबेटसाठी म्हणून तू सरळ विचारलंयस की स्वातंत्र्याच्या लढ्यातली हिंसा नैतिक ठरू शकते का, आणि गोलमोल उत्तर नको असंही लिहिलंयस. तर माझं उत्तर हो आहे, काही परिस्थितीत ठरू शकते. पण त्याच मेलमध्ये खाली तू जे लिहिलंयस ना, की लढा न्याय्य आहे हे एकदा मान्य केलं की दडपलेल्या लोकांनी कसं लढायचं हे सांगायचा हक्क कुणालाच उरत नाही, ते मला अजिबात पटत नाही. त्यामुळे हे पत्र जास्त करून त्या वाक्याबद्दलच आहे.

आधी हो का म्हणतो ते सांगतो. दक्षिण आफ्रिका बघ. एएनसी, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, ही तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्या लोकांनी अर्ज केले, शिष्टमंडळं पाठवली, संप केले, १९५२ मध्ये अन्यायी कायदे मुद्दाम मोडून हजारो लोक स्वतःहून जेलमध्ये गेले. उत्तर काय मिळालं, तर २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पास कायद्याविरुद्ध (काळ्या माणसाने कायम परवाना जवळ बाळगायची सक्ती) जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ माणसं गेली, त्यातल्या कित्येकांना पाठीत गोळ्या लागल्या होत्या म्हणजे ते पळत होते, आणि नंतर काही दिवसांत सरकारने एएनसीवरच बंदी घातली. आता शांततेने विरोध करायचा तरी कुठे उभं राहून करायचा? अशा वेळी कुणी शस्त्र उचललं तर त्याला अनैतिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सुरक्षित घरात बसून त्यांना अहिंसा शिकवणं हे मला उलट जास्त खटकतं. गांधींनीसुद्धा १९२० मध्ये लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर हिंसा निवडा असा सल्ला मी देईन, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. १० डिसेंबर १९६१ ला एएनसीचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली ओस्लोत शांततेचं नोबेल घेत होते आणि १६ डिसेंबरला त्यांच्याच चळवळीतल्या लोकांच्या 'उम्खोंतो वे सिझ्वे' ह्या सशस्त्र संघटनेने पहिले स्फोट केले. एकाच आठवड्यात. बरेच जण हे दुटप्पीपणा म्हणून सांगतात, मला तसं वाटत नाही. त्यात मला दिसतं की ही माणसं हा निर्णय सहज घेत नव्हती, आतल्या आत भांडत होती. आणि १९६४ मध्ये एएनसीच्या नेत्यांवरच्या रिव्होनिया खटल्यात मंडेला कोर्टात काय सांगतात बघ: आमच्यासमोर चार रस्ते होते, घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती, त्यातला घातपात आम्ही निवडला कारण त्यात जीव जात नाहीत आणि पुढे दोन्ही वंशांना एकत्र राहायचंय. म्हणजे शस्त्र उचलायचं ठरल्यावरसुद्धा कुणावर, कुठे, किती, हे प्रश्न त्यांनी बंद केले नाहीत. तुझ्या वाक्याने नेमके तेच प्रश्न बंद होतात.

आता दोन मुलांबद्दल लिहितो, तुझ्याच वयाची होती म्हणून. खुदीराम बोस अठरा वर्षांचा होता. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरमध्ये त्याने आणि प्रफुल्ल चाकीने ब्रिटिश न्यायाधीश किंग्सफोर्डची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला, त्यात किंग्सफोर्ड नव्हताच, एक आई आणि तिची मुलगी होती आणि त्या दोघी मेल्या. खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली. दुसरा अँड्र्यू झोंडो, दक्षिण आफ्रिकेतला, एएनसीचा, एकोणीस वर्षांचा. डिसेंबर १९८५ मध्ये अमान्झिम्टोटीच्या शॉपिंग सेंटरमध्ये त्याने बॉम्ब ठेवला, सरकारच्या माणसांनी शेजारच्या लेसोथो देशात घुसून एएनसीच्या लोकांना मारलं होतं त्याचा बदला म्हणून. ख्रिसमसच्या खरेदीला आलेली पाच सामान्य माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. कोर्टात तो म्हणाला की मला फोन करून वॉर्निंग द्यायची होती पण जवळचे फोन रिकामे नव्हते. त्यालाही १९८६ मध्ये फाशी दिली.

ह्या दोघांना मी एका रांगेत बसवत नाही. खुदीरामचं लक्ष्य ठरलेलं होतं, सत्तेचा एक माणूस, आणि अंदाज चुकला. (त्या चुकीने त्या दोघींच्या मरणाचं ओझं कमी होत नाही, तो वेगळा हिशोब आहे, आणि आपल्याकडे खुदीरामवर गाणी झाली पण त्या मायलेकींची आठवण कुणी काढत नाही हे मला बरं वाटत नाही.) झोंडोच्या बाबतीत जागाच अशी होती की तिथे सामान्य माणसंच असणार. शिवाय त्याच्याच संघटनेने १९८० मध्ये जिनिव्हा करार, म्हणजे युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम, पाळायचं जाहीर वचन दिलं होतं, म्हणजे नियम बाहेरच्या कुणी लादलेला नव्हता, स्वतःचा होता. एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथपर्यंत कुणी आणलं असं विचारलं तर पहिलं उत्तर अपार्थाइड, म्हणजे तिथली कायद्याने लादलेली वंशभेदाची राजवट, हेच येतं, मला त्याच्याबद्दल राग येत नाही, वाईट वाटतं. पण त्या कृत्याला बरोबर म्हणणं मला जमत नाही.

तुझा मित्र म्हणतो की वसाहतीच्या समाजात निरपराध कुणी नसतोच, सगळे फायदा घेतात. फायदा घेतात हे खरंय. पण जन्माने कुठल्या गटात पडलास त्यावरून तुझ्या जिवाची किंमत ठरणार, हेच तर अपार्थाइडचं तत्त्व होतं ना? ज्याच्याविरुद्ध लढायचं त्याचंच गणित वापरून लहान मुलाला दोषी ठरवायचं?

तुझा पुढचा मुद्दा मला दिसतोय, की सरकारची हिंसा कितीतरी मोठी असते मग आमचीच का मोजता. मोजायची दोन्ही. अपार्थाइडच्या काळातले अत्याचार तपासायला नेमलेल्या, आर्चबिशप टुटूंच्या ट्रुथ कमिशनने तेच केलं. अपार्थाइड हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे आणि मानवी हक्क तुडवण्यात मुख्य दोषी सरकारच आहे असं त्यांनी स्वच्छ लिहिलं, एएनसीचा लढा न्याय्य आहे असंही लिहिलं, आणि तरी सामान्य माणसांवरचे हल्ले, एएनसीच्या छावण्यांमध्ये स्वतःच्याच लोकांचा केलेला छळ ह्यासाठी एएनसीलाही जबाबदार धरलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये अहवाल येणार म्हटल्यावर एएनसी तो थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. तोपर्यंत एएनसी सत्तेत होती हे लक्षात घे. आमच्या लढ्याला प्रश्न विचारू नका ही सवय सत्ता आली म्हणून सुटत नाही.

अल्जीरियात तर ह्याहून वाईट झालं. अबान रमदान नावाचा एफएलएनचा (फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचा) नेता, १९५६ च्या सुम्माम परिषदेमागचं मुख्य डोकं, तिथे ठरलं होतं की राजकीय नेतृत्व लष्कराच्या वर राहील. डिसेंबर १९५७ मध्ये त्याच्याच साथीदारांनी त्याला मोरोक्कोत बोलावून गळा दाबून मारलं, आणि पुढे संघटनेच्या पेपरमध्ये तो लढताना शहीद झाला असं छापलं. १९६२ ला स्वातंत्र्य आलं, १९६५ ला लष्कराचा बंड होऊन बूमेदियन सत्तेवर बसला. फ्रेंचांनी केलेले अत्याचार भयानक होते आणि तो लढा न्याय्यच होता ह्यात मला शंका नाही. पण मतभेद बंदुकीने मिटवायची सवय लागली की ती फक्त शत्रूपुरती राहत नाही.

आकड्यांबद्दल थोडक्यात. चेनोवेथ आणि स्टीफन ह्या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या, अहिंसक त्यातल्या ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र २६ टक्के. डिबेटमध्ये हे वापर, पण ह्याने नैतिकतेचा प्रश्न सुटतो असं म्हणू नकोस, यशस्वी झालेली गोष्ट योग्यच असते असं नाही आणि हरलेलीही चुकीचीच असते असं नाही. फक्त एवढं, की शेवटचा उपाय म्हणणाऱ्याला बाकीचे उपाय खरंच करून बघितले का हे विचारायला तुला ह्याने जोर मिळतो.

एका ठिकाणी मात्र माझंही उत्तर पक्कं नाही. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या मुलांना लष्करात सक्तीने जावं लागायचं, नकार दिला तर जेल. काहींनी खरंच जेल पत्करली, १९८३ पासून सक्तीविरुद्ध मोहीमही चालू झाली. मग जो अठरा वर्षांचा मुलगा घाबरून युनिफॉर्म घालून उभा राहिला तो सैनिक म्हणून लक्ष्य होऊ शकतो का? युद्धाच्या नियमाने हो. मी पण हो कडेच झुकतो, कारण त्याच्या हातात बंदूक आहे आणि ती कुणावर रोखलीय हे त्याला दिसतंय. पण सामान्य माणसांबद्दल जितक्या ठामपणे नाही म्हणतो तितक्या ठामपणे हे हो म्हणता येत नाही. तुला काय वाटतं ते लिही, आणि मित्रालाही विचार, तो निरपराध कुणी नसतोच म्हणतो तर ज्यांनी जेल पत्करली त्या मुलांना तो कुठे बसवतो.